खुंटीवरची दुनळी

खंडेनवमीच्या सकाळी नबीसाबांनी दुकानाचे शटर अर्धेच वर उचलले. पूर्ण उचलावे असे आत काही उरले नव्हते. विजापूर वेशीजवळच्या त्या चिंचोळ्या दुकानात एका भिंतीला शिसवी रॅक होता. बंदुका उभ्या करण्यासाठी त्यात एकवीस खाचा होत्या. त्यांपैकी वीस रिकाम्या होत्या आणि एकविसाव्या खाचेत मंद्रूपच्या शिवलिंगप्पांची दुनळी उभी होती.

वडिलांच्या माघारी नबीसाबांनी हे दुकान पंचेचाळीस वर्षे चालवले होते. बंदुका दुरुस्त करायच्या, विकायच्या, आणि निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची हत्यारे जमा करून घेऊन पावती द्यायची, हे त्यांचे काम. आता ते एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांची पत्नी बिस्मिल्ला दीड वर्षापासून पुण्याला मुलीकडे, झीनतकडे, राहत होती. तिची स्मृती विरत चालली होती. आधी भांड्यांची नावे गेली, मग वार आणि महिने, मग सोलापूरच्या शेजारणी. जवळची माणसे अजून टिकून होती. नबीसाब महिन्यातून एक रविवार पुण्याला जाऊन येत. ते निघाले की बिस्मिल्ला दाराशी स्टूल ओढून बसे आणि संध्याकाळपर्यंत उठत नसे.

"अब्बा, अब देर नक्को," झीनत मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली होती. "अम्मी पैचानते तब तलक आव. बाद में आए तो क्या, नै आए तो क्या."

परंतु बंदुकीचे दुकान बंद करणे म्हणजे शटर ओढून किल्ली खिशात टाकणे नव्हे. विक्रीचा परवाना परत करायचा तर साठा शून्य दाखवावा लागतो. ठेवीतली प्रत्येक बंदूक एक तर मालकाकडे गेलेली असली पाहिजे, किंवा मालकाच्या सहीने पोलिसांच्या शस्त्रागारात. दोन वर्षे नबीसाब याच कामात होते. त्यांनी मेलेल्यांचे वारस शोधले, रुसलेल्या भावांना एका बाकावर बसवले, बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत हेलपाटे घातले आणि वीस बंदुका मार्गी लावल्या. एकविसावीचा मालक हयात होता, त्याचा पत्ता ठाऊक होता, दर खंडेनवमीला तो समोर येऊन बसत होता, आणि तो सही करत नव्हता.

साडेनऊला पांढरी मोटार दारात थांबली. शिवलिंगप्पा दार धरून उतरले. वय अठ्ठ्याहत्तर, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, हातात झेंडूच्या फुलांची पिशवी. मागून त्यांचा नातू प्रभु आला. तो जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहून घरूनच एका विमा कंपनीचे संगणकाचे काम करत असे, आणि वर्षातून एकदा आजोबांना गावाहून इथे आणण्याचे काम त्याच्याकडे होते.

"या आण्णा. आज उशीर केला," नबीसाब म्हणाले.

"पोराची गाडी. दर खड्ड्याला इचारून पुढं जाती."

"अज्जा, स्प्रिंग तुटली तर कोण भरणार?" प्रभु म्हणाला.

नबीसाबांनी टेबलावर पांढरे धुवट कापड अंथरले आणि दुनळी खाचेतून काढली. सरकारी कारखान्यात घडवलेली ती साधी बारा बोअरची बंदूक होती. नळ्यांवरचे निळसर पाणी काही ठिकाणी उतरले होते, अक्रोडाचा दस्ता मात्र हातांनी हाताळून काळपट गुळगुळीत झाला होता. त्यांनी ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे शिवलिंगप्पांना दाखवले. ही त्यांची पन्नास वर्षांची सवय होती. मग बंदूक मिटवून त्यांनी कापडावर आडवी ठेवली आणि दोन पावले मागे सरकून उभे राहिले.

शिवलिंगप्पांनी नळ्यांवर हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला, नारळाऐवजी खडीसाखर ठेवली, कारण पहिल्या वर्षी फोडलेल्या नारळाचे पाणी रॅकमध्ये गेले होते. हात जोडून ते काही क्षण डोळे मिटून बसले. ते गेल्यावर नबीसाब ती हळद तेलाच्या फडक्याने पुसून काढत. हळद ओल धरते आणि पोलाद खाते. हे त्यांनी शिवलिंगप्पांना कधी सांगितले नव्हते.

पूजा झाल्यावर चहा आला. प्रभु रिकाम्या रॅकवरून बोट फिरवत होता.

"चाचा, तुम्हाला एकच बंदूक ठेवायची मुभा दिली, जगातली कुठलीही, तर कुठली ठेवाल?"

"एकबी न्हाय. तीच तर अडचण हाय माझी."

"तसं नाही. समजा म्हणून."

"आधी तू सांग."

त्याला तेवढेच हवे होते. "खेळायला असेल तर एकावर एक नळ्यांची. पुण्याच्या रेंजवर एकदा मी पंचवीस बार मारलेत. मातीच्या चकत्या हवेत सोडतात, त्या फोडायच्या."

"किती फुटल्या?"

"चार."

"आन् बाकीच्या?"

"त्या खाली पडून फुटल्या."

शिवलिंगप्पा मिशीत हसले. "हवेतलं पाखरू असं सापडत न्हाय तम्मा. मी पंचवीस वर्सांचा व्हतो तवा सरकारनं शिकार बंद केली. त्याच्या आदी तित्तर मारलेत, ससं मारलेत, ह्याच बंदुकीनं. पाखरू जितं दिसतंय तितं मारायचं न्हाय, जितं जाणार हाय तितं मारायचं. मग पुढं ही नुसती पिकाची राखणदार. डुकरं आली की हवेत एक बार, की झालं."

"पण जगायचं असेल ना अज्जा, तर पंपाची बंदूक. पाच काडतुसं आत, एक नळीत." प्रभु टेबलावर पुढे झुकला. "समजा लाईट गेली. कायमची. चाळीस दिवस झाले. मोबाईल बंद, एटीएम बंद, नळाला पाणी नाही..."

"नळाला पाणी आत्ताबी पाच दिसांनी येतंय की," नबीसाब म्हणाले. "जग बुडालं हे सोलापूरला कोण सांगणार?"

प्रभु हसला, पण त्याचा चेहरा पुन्हा गंभीर झाला. "मी गॅलरीत बॅग भरून ठेवलीये. दोरी, टॉर्च, औषधं, पाणी गाळायची नळी. फक्त बंदूक नाही. दोनदा अर्ज केला. जिवाला धोका असल्याचा पुरावा नाही म्हणून नाकारला."

"मग पुरावा मिळाला असता तर बरं वाटलं असतं व्हय?"

"तुमची सांगा ना," तो म्हणाला.

"मला अशीच आवडती. शेजारी शेजारी दोन नळ्या. दोन बार झाले की उघडायची, आरपार उजेड दिसतो. माणसाला कळतं की आता आपल्यापाशी कायबी न्हाय, घरी चला. तुझ्या पंपात ते दिसत न्हाय."

एवढे बोलून नबीसाबांनी खणातून प्लास्टिकचे फोल्डर काढले. शिवलिंगप्पांनी ते ओळखले आणि चहाचा कप खाली ठेवला.

"आण्णा, ऐका. डिसेंबरअखेर तुमचा परवाना संपतो. डोळ्याच्या दाखल्यावाचून पुढं मिळणार न्हाय. माझाबी तवाच संपतो, आन् मला तो वाढवायचा न्हाय. बिस्मिल्लाला मी अजून ओळखू येतो. किती दिस ते डॉक्टरबी सांगत न्हाय. एक सही करा, मी ही शस्त्रागारात पोचवतो, दुकान बंद करतो."

"सही केली की ठाण्याचा माणूस जबाब घ्यायला गावात येणार."

"येणार."

"साक्षीला पोलीस पाटील लागणार."

"व्हय."

"पाटील तिप्पण्णा हाय," शिवलिंगप्पा म्हणाले. ते उठले, टोपी सारखी केली. "पुढच्या नवमीला बघू, नबीसाब."

"पुढची नवमी न्हाय आण्णा."

शिवलिंगप्पा तोवर शटरखालून वाकून बाहेर पडले होते. प्रभुने नबीसाबांकडे ओशाळून पाहिले आणि तो आजोबांच्या मागे गेला.

तिप्पण्णा हा शिवलिंगप्पांच्या चुलत भावाचा मुलगा. त्यांच्या शेतांच्या मधल्या बांधाचे भांडण जुने होते. २००९ साली ते पेटले. शिवलिंगप्पांचा मुलगा चनबसप्पा, म्हणजे प्रभुचा बाप, भर दुपारी बांधावरून धावत घरी आला आणि बंदूक काढायला खुंटीकडे झेपावला. शिवलिंगप्पा दारात आडवे झाले. मुलाने बापाचे मनगट पिरगाळले, पण अंगावरून पाय टाकून पुढे जाणे त्याच्याने झाले नाही. त्याच आठवड्यात निवडणुकीसाठी बंदुका जमा करण्याचा आदेश निघाला आणि शिवलिंगप्पा मनगटाला पट्टी बांधून दुकानात आले. निकाल लागल्यावर साऱ्यांनी आपापल्या बंदुका परत नेल्या. शिवलिंगप्पा मात्र येऊन म्हणाले, "ती राहू द्या. खोळ तेवढी द्या."

त्या कॅनव्हासच्या खोळी बिस्मिल्ला शिवत असे. नबीसाबांनी रिकामी खोळ घडी घालून दिली. कशाला, असे विचारले नाही. पुढे चनबसप्पा टेंभुर्णीला हायवेवर टायरचे दुकान टाकून तिकडेच स्थायिक झाला. गावाबाहेरच्या वस्तीवर म्हातारा आणि म्हातारी दोघेच उरली. आसपासच्या दोन वस्त्यांवर चोऱ्या झाल्या. शिवलिंगप्पांच्या वस्तीकडे कोणी फिरकले नाही, कारण पंचक्रोशी तिला बंदुकीचे घर म्हणत होती. बांधही तेव्हापासून सरकला नव्हता.

नबीसाबांची चूक याच्या पुढची होती. २०१४ ची निवडणूक आली तेव्हा शिवलिंगप्पा रिकाम्या हाताने येऊन म्हणाले, "जमा केल्याची नवी पावती द्या. गावात दाखवावी लागती." नबीसाबांनी दिली. त्यासाठी वहीत आधी बंदूक परत नेल्याची खोटी नोंद करावी लागली आणि खाली ती पुन्हा जमा झाल्याची. २०१९ ला तेच झाले, २०२४ ला तेच. पंचेचाळीस वर्षांच्या वह्यांमध्ये खोट्या नोंदी तेवढ्याच होत्या. मालक सही देत नाही असे नबीसाबांनी स्वतः होऊन कळवले असते तर चौकशी लागली असती आणि पहिल्यांदा त्याच बाहेर आल्या असत्या. म्हणून कळवण्याची वाट त्यांनी स्वतःच बुजवली होती. उरली होती फक्त सही.

दिवाळी सरल्यावर, मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी, नबीसाब फोल्डर घेऊन एसटीत बसले. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी मेथीच्या ढिगांमधून वाट काढली आणि दोन किलोमीटर चालत वस्ती गाठली. तुरीच्या शेतामागे पत्र्याचे घर होते. शिवलिंगप्पांची बायको नागूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"ह्ये बाजाराला गेल्यात. येतील आत्ता. बसा की."

तिने चहा आणला, बशीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा तुकडा ठेवला. नबीसाबांचे लक्ष आतल्या दारावर गेले. चौकटीच्या वर दोन खुंट्या होत्या आणि त्यांवर हिरव्या खोळीत काहीतरी लांब, वजनदार आडवे ठेवलेले होते. खोळीच्या तोंडाशी दुहेरी उलटी टीप होती. सबंध जिल्ह्यात ती टीप एकच बाई घालत असे. खोळीवर हळदीचे जुने आणि नवे डाग एकावर एक पडलेले होते.

"वर बघू नका, च्या निवल," नागूबाई म्हणाली.

नबीसाबांनी बशी उचलली.

"म्हाईत हाय मला," ती शेंगा फोडतच पुढे म्हणाली. "जळमटं काढताना उचलली व्हती. नवी नवरी आले तवापास्नं पुसतीय मी बंदूक, तिचं वजन मला कळत न्हाय व्हय? हिरीवरच्या मोटारीच्या पायपाचा तुकडा हाय आत. दर नवमीला ह्ये तुमच्याकडं येत्यात, मी हितं त्या पायपाला कुंकू लावते."

"आण्णांना बोलला न्हाईत?"

"कशाला बोलू? बंदूक हाय म्हणून मी निवांत झोपते असं त्येंला वाटतंय. मी निवांत झोपले म्हणून त्ये झोपत्यात. मी बोलले तर दोघं जागं राहू की."

बाहेर पावले वाजली. शिवलिंगप्पा बाजाराची पिशवी घेऊन आले, आणि त्यांच्या मागे पन्नाशीचा एक गडी, इस्त्रीचा सदरा, पायांत बूट. नबीसाबांनी त्याला पूर्वी एकदाच पाहिले होते, पण ओळखायला वेळ लागला नाही.

"म्हटलं नबीसाब एसटीतनं उतरले, बघून यावं," तिप्पण्णा ओट्यावर टेकत म्हणाला. "गावात डॉक्टर दिसला की इचारावं लागतं, कोण आजारी हाय. काय, काकाची बंदूक बिगडली काय?"

शिवलिंगप्पा पिशवी हातात तशीच धरून उभे राहिले. नबीसाबांच्या मांडीवर फोल्डर होते. आतला कागद पारदर्शक प्लास्टिकमधून दिसत होता. त्यांनी ते पालथे केले.

"तपासायला आलो. जुनं हत्यार, वर्षातनं एकदा बघावं लागतं," नबीसाब म्हणाले.

"मग काडा की खाली. आमीबी बघू. लई वर्सं झाली आवाज आयकून. लहान व्हतो तवा काका दसऱ्याला बार काढायचे, आमी पोरं कानात बोटं घालून वडाखाली." तो बोलता बोलता उठला, आत शिरला आणि खुंटीकडे हात केला. "काका, काडू काय?"

त्याची बोटे खोळीच्या तोंडाला लागली. नागूबाईचा हात शेंगांवर थांबला. शिवलिंगप्पांच्या ओठांची नुसती हालचाल झाली.

"पाटील, हात काढा," नबीसाब बसल्या जागेवरून म्हणाले.

तिप्पण्णाने मान वळवली.

"परवाना आण्णांच्या नावावर हाय. दुसऱ्यानं हत्यार हाताळणं गुन्हा हाय. गावाला हे तुमी सांगायचं, मी तुमाला सांगू?"

"घरातलाच हाय की मी."

"कागदावर घरातलं कोण नसतंय. मी दुकानदार, मीबी मालकाला इचारून हात लावतो."

तिप्पण्णाने हात खाली घेतला. तो रागावला नव्हता. पोलीस पाटील या नात्याने नियम मानण्यात त्याला एक प्रकारचा मान वाटत असावा. "बरं राह्यलं. पन चालती का?"

त्या घरात चार माणसे होती आणि त्यांतल्या तिघांना खोळीत काय आहे ते ठाऊक होते. नबीसाबांनी शिवलिंगप्पांकडे पाहिले. मनगट दुखत असल्यासारखे ते दुसऱ्या हाताने धरून होते.

"चालती," नबीसाब म्हणाले. "आत्ताच बघितली. दोन्ही घोडे ठीक हायत."

"मग बेस झालं. जिल्हा परिषदेचं इलेक्शन लागलं की आदेश येईल, जमा करा. पावती मला आणून दावा, काका." त्याने चहाला नको म्हटले, नागूबाईला नमस्कार केला, आणि तुरीतल्या पाऊलवाटेने निघून गेला.

मग नागूबाई म्हणाली, "शेंगा न्या थोड्या, नबीसाब. भाभीला पुण्याला पाठवा." तिने पिशवी भरायला घेतली.

शिवलिंगप्पा त्यांना पोहोचवायला निघाले. दोघे बांधावरून एकामागे एक चालले होते. वडापाशी आल्यावर शिवलिंगप्पा थांबले.

"कागद द्या तो. सही करतो."

नबीसाबांनी त्यांच्याकडे पाहिले.

"माझ्यापायी तुमी खोटं बोलला. तेबी पाटलापुढं. आता मला ती ठिवायची न्हाय. जे व्हायचं ते होऊ दे. सत्तर पार केली, अजून किती दिस पायपाला राखण करायला लावू?"

"आण्णा," नबीसाब सावकाश म्हणाले, "ह्ये तुमी अर्ध्या तासामागं बोलला असता तर."

"म्हंजे?"

"आज सही केली तर आठ दिसांत ठाण्याचा माणूस जबाबाला येईल. तिप्पण्णा काय सांगणार? नबीसाबनी माझ्यासमोर सांगितलं, बंदूक घरात हाय, चालती हाय. आन् माझ्या वहीत ती दुकानात. तिथनं मागच्या तिन्ही पावत्या निघणार. तुमी सुटाल, वय बघून. माझं दुकान सील होईल आन् मी चौकशीला तारखांवर येत बसेन."

शिवलिंगप्पांना ते उमगायला वेळ लागला. उमगल्यावर ते वडाच्या मुळीवर बसले. "मग आता?"

"एकच वाट हाय. डोळ्याचा दाखला काढून तुमचा परवाना तेवढा वाढवून घ्या, आन् इलेक्शनचा आदेश निघू द्या. त्या दिवशी ती खोळ घिऊन उघड्यावर गाडीत बसा, गावानं बघू द्या. दुकानात या. मी पावती देतो. ती खरी धरायची. मग परत न्यायची न्हाय, तितंच सही."

"आदेश कवा निघणार?"

"तीन वर्सं लांबलंय इलेक्शन. कुणी म्हणतं महिन्यात, कुणी म्हणतं उन्हाळ्यात. कोर्टाच्या हातात हाय."

"आन् तवर तुमी?"

नबीसाबांनी फोल्डरमधून कागद काढून तो शिवलिंगप्पांच्या गुडघ्यावर ठेवला, पेन दिले. "सही आजच करून ठेवा. तारीख मोकळी सोडा."

शिवलिंगप्पांनी कानडी वळणाची आपली सही केली. ती त्यांनी दोन दमांत पुरी केली. कागद परत देताना ते म्हणाले, "नागूला यातलं कायबी सांगू नका. तिची झोप उडंल."

"न्हाय सांगत," नबीसाब म्हणाले.

सोलापूरला परतेपर्यंत दिवस कलला होता. ते घरी न जाता दुकानात गेले. दिवा लावून त्यांनी दुनळी खाचेतून काढली आणि टेबलावर ठेवली. नवमीची हळद पुसूनही खटक्याच्या फटीत थोडी राहिली होती. ती काडीला कापूस गुंडाळून काढत असताना फोन वाजला. झीनतने चित्रासह लावला होता. तिने फोन आईच्या हाती दिला. पडद्यावर आधी छत आले, मग बिस्मिल्लाचे कपाळ, मग डोळे.

"कैसे हो?" नबीसाबांनी विचारले.

बिस्मिल्ला त्यांच्याकडे पाहत होती. त्यांच्याकडे की त्यांच्या मागच्या रिकाम्या रॅककडे, हे कळत नव्हते. मग तिची नजर खाली, टेबलावर आली.

"इसका गिलाफ कां है?" तिने विचारले. "मैं सी के दी थी. हरे कपडे का."

नबीसाबांचा हात थांबला. "है. मंद्रूप में है, जिनकी बंदूक है उनके घर. आज देख के आया."

"फटा नै?"

"नै फटा. दुहेरी टीप है ना तुम्हारी."

तिने समाधानाने मान हलवली. सोळा वर्षांपूर्वीची खोळ, तिचा रंग, तिचे कापड, सारे तिला स्वच्छ दिसत असावे. नबीसाबांना वाटले, आता ती विचारेल, कधी येता. त्यांनी उत्तरही तयार ठेवले होते: एक गिऱ्हाईक राहिले आहे, ते गेले की निघालो. पण बिस्मिल्लाने चेहरा बाजूला वळवला आणि झीनतला हळू आवाजात, पाहुण्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारले, "ये मियां कौन हैं? अच्छे हैं बिचारे. दुकानवाले हैं क्या?"

"अम्मी..." झीनतचा आवाज आला, आणि पडद्यावर पुन्हा छत दिसले. "अब्बा, थकी हुई हैं. सुबह लगाती मैं. सुबह ठीक रहते उनों."

"हौ बेटा. सुबह लगा."

फोन ठेवून नबीसाबांनी फटीतली उरलेली हळद काढली, दोन्ही नळ्यांना तेलाचे फडके फिरवले, बंदूक उघडून दिव्याकडे धरली. नळ्यांतून उजेड आरपार दिसत होता. त्यांनी ती मिटवली आणि एकविसाव्या खाचेत उभी केली.

खणात परवाना वाढवून मिळण्याचा छापील अर्ज सहा महिन्यांपासून पडून होता. लागणार नाही म्हणून तो त्यांनी कोराच ठेवला होता. चष्मा पुसून त्यांनी तो समोर घेतला. नाव लिहिले, दुकानाचा पत्ता लिहिला, वय लिहिले. नूतनीकरण किती मुदतीसाठी हवे, या रकान्यापाशी ते अडखळले. सर्वांत कमी मुदत कोणती हे त्यांना पाठ होते. त्यांनी तीच लिहिली. खाली शेवटचा रकाना होता: दुकानातील साठा. तिथे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, दुनळी बंदूक, बारा बोअर, नग एक.

शिवलिंगप्पांच्या सहीचा कागद त्यांनी त्या अर्जाच्या खाली ठेवला. त्यावरची तारखेची जागा मोकळी होती.